खांब रोवले ते रोवलेच

कुंपण घालणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांस वाटतं. खड्डा, खांब, काँक्रीट, संपलं! पण कुंपण म्हटलं की दोन्ही बाजूंना माणसं आली, आणि माणसं आली की किस्से आलेच. बावीस वर्षांत माझ्याकडे इतके साठलेत, की बायको म्हणते, "खांब कमी रोवलेत तुम्ही, गोष्टीच जास्त!" सांगताना लोक हसतात. मीही हसतो. घरी येऊन पाय धुताना मात्र त्यातली एखादी गोष्ट टोचत राहते.

आमची टोळी तिघांची. मी रामचंद्र, तंजावूरचा मराठी. आरोग्यम सुतार. आणि सेल्वम मेस्त्री, म्हणजे आमचे गवंडी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. गिऱ्हाइकांसमोर मला 'सार' म्हणायचे, एकटे असलो की 'तंबी'. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. पण त्यांच्या तोंडून तो शब्द आला की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

आमच्या भागात पूर्वी कुंपण म्हणजे काटेरी झुडपं, नाहीतर दगडी खांब आणि तार. मग मोठ्या शहरांतले लोक कावेरीच्या काठी फार्महाउस बांधू लागले आणि त्यांना लाकडी कुंपण हवं झालं. फोनवर व्हिडिओ दाखवायचे, "अस्संच पाहिजे!" त्यात मागे बर्फ असायचा. इथे मागे भाताचा चिखल!

*

असेच एक पुण्याचे साहेब आले. मला मराठी येतं कळल्यावर खूश झाले. अर्धा तास मला नुसतं बोलायला लावलं. मी "आम्हांस", "तुम्हांस", "कोठें" म्हणालो की शेजारी उभ्या बायकोला कोपराने ढोसायचे. शेवटी म्हणाले, "काय हो, तुमचं मराठी अगदी जुन्या दप्तरातल्या कागदासारखं आहे!"

मी म्हणालो, "मराठी जुनं असेल साहेब, काँक्रीट मात्र आजचंच आहे. त्यातून पाय काढा!"

बोलण्याच्या नादात ते ओल्या खांबाच्या बुडाशी उभे होते. नवे बूट!

*

पापनाशमला एक निवृत्त हेडमास्तर होते. काँक्रीट ओतलं की खांब दोन दिवस हलता कामा नये, म्हणून आम्ही त्याला दोन बाजूंनी तिरके टेकू देतो. हेडमास्तर म्हणाले, "पहिला खांब मी धरणार." हातात फोन. त्यात म्हणे खांब सरळ आहे की नाही ते दाखवणारं ॲप होतं.

सेल्वम मेस्त्रींनी ओळंबा सोडला. खांब दोन बोटं पूर्वेला कललेला. "सार, वाकडा आहे."

"फोन सरळ म्हणतोय!"

"सार, फोन वाकडा धरलाय."

हेडमास्तर ऐकेनात. बाकीचे खांबही त्या पहिल्याच्या रेषेत लावायला सांगितले. रस्त्यावरून त्यांचे दोन जुने विद्यार्थी चालले होते, तेही थांबून बघत होते. मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, "सगळा वर्ग हेडमास्तरांसारखाच उभा आहे!" विद्यार्थी खो खो हसले.

हेडमास्तर आत गेले. कंबरेत वाकून चालायचे ते. हे माझ्या लक्षात आलं ते वाक्य तोंडातून गेल्यावर.

मेस्त्री थापी धूत होते. वर न बघता म्हणाले, "तंबी."

*

आता माझी खरी चूक सांगतो. लाकडी खांबाचं बूड काँक्रीटमध्ये कसं ठेवायचं यावर माझं आणि मेस्त्रींचं कायम वाजायचं. ते म्हणत, खड्ड्याच्या तळाशी नुसती खडी घाला, खांबाचं टोक खडीवर टेकवा, काँक्रीट फक्त बाजूंनी. आत शिरलेलं पाणी खाली निघून जायला हवं. मी व्हिडिओ बघितलेला. म्हणालो, "खालूनही बंद करा. पक्कं होईल."

"तंबी, पाय धुवायला पाणी द्या. पाय बादलीत घालून ठेवू नका."

मी ऐकलं नाही. काम होतं तिरुवैयारूच्या एका गाण्याच्या बाईंचं. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. सुंदर कुंपण झालं! बाईंनी त्यावर जाईचा वेल चढवला. दोन वर्षांत लाकूड दिसेना, नुसती जाई. सकाळी शिकायला येणाऱ्या मुली जाताना ओंजळभर फुलं घेऊन जायच्या.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमाराचा पाऊस लागला आणि सगळी रांग वेलासकट आडवी झाली. मी जाऊन बघितलं. वरून खांब ठणठणीत, जमिनीलगत बोटाने भुगा होत होता. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटची वाटी, वाटीत पाणी, पाण्यात कुजलेलं बूड. मीच केलेल्या वाट्या!

बाई ओरडतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. त्यांनी पितळेच्या डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या वाटी-पेल्यात, कॉफी आणून दिली. म्हणाल्या, "तुम्ही काय करणार, पाऊसच तसा झाला."

मी कॉफी पिऊन टाकली. पाऊस दर वर्षी तसाच होतो हे मी सांगायला हवं होतं. कुंपण मी नवं घालून दिलं. जाई काही परत धरली नाही.

*

हा छोटा आहे, पण सांगतोच. गावातल्या एका आजींची नात परदेशातून आली होती, चार वर्षांची. खांबाच्या बुडाशी आम्ही काँक्रीटला बाहेरच्या बाजूला उतार देतो, पाणी साचू नये म्हणून. मी तो घोटून गुळगुळीत केला आणि वळलो, तेवढ्यात पोरीने त्यात आपला पंजा दाबला. पाचही बोटं स्वच्छ!

मी कारागीर ना! लगेच थापी फिरवली आणि पुसून टाकला. पोर रडत आत पळाली. संध्याकाळी तिचं विमान होतं.

दोन दिवसांनी आजी काठी टेकत आल्या. प्रत्येक खांबाच्या बुडाशी वाकून बघू लागल्या. मी विचारलं, "काय शोधताय, आजी?"

"हात. ती म्हणाली, तुझ्यासाठी हात ठेवलाय."

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी आली की पुन्हा घेऊ. मी स्वतः येतो."

आजी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हात मोठा झालेला असेल, रे."

*

सेल्वम मेस्त्री उघड्या हातांनी काम करायचे. सिमेंट कातडी खातं. मी त्यांना रबरी हातमोजे आणून दिले. आठवड्याने बघतो तर हातात काही नाही. "मोजे कुठे?"

"बायकोला दिले. इडलीचं भांडं उतरवायला बरे पडतात!"

आम्ही किती हसलो! मी दुसरी जोडी आणली नाही. आता ते घरीच असतात. परवा रेशनच्या दुकानात त्यांच्यासोबत गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसरं बोट, लाल दिवा. दहाच्या दहा बोटं झाली. दुकानदार म्हणाला, "ठसाच उमटत नाही."

मेस्त्री हात उलटेपालटे करून बघत राहिले. म्हणाले, "चाळीस वर्षं साऱ्या जिल्ह्यात ठेवून आलो. माझ्यासाठी एक ठेवायला हवा होता."

दुकानदारही हसला. मीच तेवढा हसलो नाही.

*

आणि वेंकटराव-गोविंदरावांचं कुंपण. दोघे सख्खे भाऊ, आमच्यातलेच मराठी, कालव्याकाठी नारळाची बाग. वडील गेल्यावर वाटणीवरून बोलाचाली झाली. गावातल्या मोठ्यांनी बाग मोजून दिली आणि मधोमध कुंपण घालायचं ठरलं. बांधावरचा साग दोघांचा, म्हणून खांब त्याचेच काढायचे. आरोग्यमने तेवीस खांब तासले.

कामाच्या आदल्या दिवशी सकाळी थोरले वेंकटराव माझ्या घरी आले. बसले नाहीत. म्हणाले, "राम, काँक्रीट जरा कमीच घाल. उद्या आमचं जुळलं तर उपटता यायला हवं. गोविंदाला सांगू नकोस, तो हसेल."

दुपारी धाकटे गोविंदराव आले. "राम अण्णा, खांब नुसते मातीत ठोका. दादाचा राग महिना-दोन महिन्यांचा असतो. त्याला मात्र सांगू नका हं, मी आलो होतो म्हणून."

मी दोघांनाही "बरं" म्हणालो.

पण गाण्याच्या बाईंचं कुंपण पडून तेव्हा सहाच महिने झाले होते. हेही कललं तर लोक म्हणतील, रामचंद्रला काम येत नाही. दुसऱ्या दिवशी मी अडीच फूट खड्डे घेतले. तळाला खडी, बुडाला डांबर, बाजूंनी गच्च काँक्रीट. या वेळी सगळं मेस्त्रींच्या पद्धतीने! माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते.

दोघे भाऊ आपापल्या बाजूला उभे राहून बघत होते. काँक्रीटची घमेली एकामागून एक खड्ड्यात जात होती. वेंकटराव माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "एवढं पक्कं हवं होतं काय गोविंदाला!" आणि घरात निघून गेले. पलीकडे गोविंदरावांचा चेहराही उतरलेला.

दोघांचंही म्हणणं मी मेस्त्रींना सांगितलं होतं. ते माझ्या कानाशी म्हणाले, "तंबी, सांगून टाका. आत्ता सांगा."

मी म्हणालो, "घरच्या भांडणात आपण पडू नये." आणि ओळंबा बघत बसलो.

आठ वर्षं एक खांब हलला नाही. भाऊ बोलले नाहीत. गोविंदरावांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका वीस पावलांवरच्या दादाला पोस्टाने गेली. बायको वारल्यावर वेंकटरावांना त्यांच्या मुलाने बेंगळुरूला नेलं.

यंदा पोंगल झाल्यावर गोविंदराव रस्त्यात भेटले. का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "दादा आला होता? कधी?"

"तुम्ही दुपारी आलात. ते सकाळी."

"माझ्या आधी आला होता?"

"हो."

"शब्द काय होते त्याचे? जसेच्या तसे सांगा."

मी सांगितले. त्यांनी दोनदा सांगायला लावले. मग म्हणाले, "उद्या या. पहारी आणा."

मजुरी नको म्हणून मी आधीच सांगितलं. पाच माणसं, साखळीची कप्पी, तीन दिवस लागले. एकेका खांबाबरोबर काँक्रीटचा गोळा उपटून यायचा. मेस्त्री येऊन नारळाखाली खुर्चीत बसले होते.

तेविसावा खांब निघाला तसा गोविंदरावांनी पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने फोन वेंकटरावांच्या समोर धरला आणि कोण बोलतंय ते त्यांना दोनदा सांगितलं. पांढरी दाढी वाढलेली, अंगावर शाल. गोविंदरावांनी फोन उलटा करून सगळी बाग दाखवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चालताना खड्ड्यांत अडखळत होते.

"दादा, बघ! दिसतंय ना? कुंपण काढलं! सगळं काढलं!"

वेंकटरावांनी तोंड फोनजवळ आणलं. मग म्हणाले,

"कोणतं कुंपण, रे?"