अर्ध्या कपाच्या मावशी

आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी सात वर्षांत एकदाही पूर्ण कप चहा घेतला नाही. भरलेला कप पुढे केला की त्यातला अर्धा त्या आधी पातेल्यात परत ओतायच्या आणि म्हणायच्या, "आमचं पोट तेवढंच, टीचर." पाणी तर घेतच नसत, भर उन्हाळ्यातही नुसती चूळ भरून टाकत.

मी याला मिताहार समजले. मधुमेही यजमानांना त्यांचा दाखलाही देत असे. "शिका काही मावशींकडून!" मावशी फडके पिळता पिळता हसायच्या. "पिऊ द्या साहेबांना. त्यांचं काय अडतंय?"

शाळेतून घरगणनेचे काम आले, तेव्हा मुलुंडच्या टेकडीवरची एक गल्ली माझ्या वाट्याला आली. तिथल्या एका दारात मावशीच उभ्या. मोबाइलवरचे प्रश्न मी खालमानेने वाचत गेले. छप्पर पत्र्याचे, खोली एक, नळ खाली चौकात. पुढचा प्रश्न शौचालयाचा होता. तो मी अर्धाच वाचला.

"लिवा ना, न्हाय म्हणून," मावशी म्हणाल्या. "तुम्ही कशाला लाजताय?"

शेजारीण आपल्या दारातून ओरडली, "खाली हायेत की! अख्ख्या गल्लीला चार, त्यातल्या दोनांना कडी न्हाय. म्हणून तर ही सकाळी उतरली की संध्याकाळपर्यंत घसा ओला करत न्हाय. कामाच्या घरी कोण जाऊ देतंय?"

"गप गं, शांते. टीचरनी कवा न्हाय म्हटलंय?"

नाही म्हटले नव्हते, हे खरे. हो तरी कुठे म्हटले होते? आमच्या घरात दोन संडास. दोन्ही मावशीच रोज घासत.

त्यानंतर मी मनात एक वाक्य जुळवत राहिले: "मावशी, आमचा संडास वापरत जा, संकोच करू नका." स्वभाव जन्माचा भिडस्त. शिवाय ते बोलायचे, म्हणजे सात वर्षे बोलले नाही हेही कबूल करायचे. अशात दोन महिने गेले. मग नाल्याच्या कामात मावशींची खोली गेली आणि बदल्यात माहुलला घर मिळाले. तिथून मुलुंडला कामाला येणे जमणार नव्हते.

निरोपाच्या दिवशी चहाचा कप पुढे करताना मी ते वाक्य एकदाचे उच्चारले.

मावशी खळखळून हसल्या. "आता व्हय, टीचर? आता माझ्या घरातच हाय की. कडीसकट!"

एवढे बोलून त्यांनी सवयीने अर्धा चहा पातेल्यात ओतला. मी पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आले. ओशाळायला हवे होते मी, ओशाळल्या त्या.

"घर मिळालं, टीचर," त्या म्हणाल्या, "पर पोटाला अजून कळलं न्हाय."