साखरेची लव

आर्वीच्या बसस्टँडवर बाबांनी बॅग वर चढवली आणि एवढंच म्हणाले, "नाही जमलं त वापस ये. घर काही पळून नाही चाललं." आईची काळजी वेगळीच होती. "तिकडे भांडे नुसते इसळू नोको. घासून धूत जाय." पीएचडीला निघालेल्या मुलीला हा उपदेश! मी हसतच पुण्याला आले.

कर्वेनगरात खोली मिळाली, मंडईत अंबाडीसुद्धा मिळाली. प्रयोगशाळेत मात्र काही जमेना. रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं आणि त्या पेशींवर साखरेच्या साखळ्यांची बारीक लव असते. रक्त कसं वाहतंय, ते पेशींना तिच्यामुळे कळतं. बाळाच्या नाळेतून काढलेल्या पेशी बशीत वाढवायच्या, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली ती लव हिरवी चमकताना दाखवायची, हे माझं काम. पाच महिने पडदा काळाच. सहाव्या महिन्यात कामाचा आढावा घेणाऱ्या समितीला काही दाखवता आलं नाही, तर गाशा गुंडाळायचा होता. बाबांच्या त्या वाक्याची आता भीतीच वाटायला लागली.

एके दिवशी आमच्या गाइड मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. मी पिपेटनं जोरात फवारे मारून बशी धूत होते, चार-चारदा, अगदी लख्ख.

"अहो, आपण पेशी धुताय की पातेली? अशानं लव सगळी निघून जाते."

आईची शिस्त मी त्या बिचाऱ्या लवेवर चालवत होते! मॅडम पुढे म्हणाल्या, "आणि साठलेल्या द्रवात ती नीट वाढतही नाही. पंप जोडा, वाहतं ठेवा."

तीन दिवस पेशींवरून द्रव वाहत राहिला. मग श्वास रोखून हलकेच धुतलं, रंग दिला, डोळा लावला. हिरवं! सगळीकडे हिरवं! मी तिथेच नाचले.

"नाचून झालं की फोटो काढा," मॅडम म्हणाल्या.

त्या फोटोंवर समितीची बैठक पार पडली. दिवाळीत घरी गेले ती परतीचं तिकीट काढूनच. बाबांनी ते तिकीट शेजाऱ्यांनाही दाखवलं.

जेवणं झाल्यावर मी ताटं धुवायला बसले. हात आता सवयीनं हळूच चालतात. आईनं एक ताट उजेडात धरलं. "पुण्याले जाऊन हे शिकली काय वं?" म्हणत तिनं ते परत घासायला घेतलं. घर म्हणजे मला आता हेच वाटतं. तिला परत घासता यावं म्हणून मी दुसरं ताटही तसंच हळूच धुऊन दिलं.