टाकीतली नळी

नातवंडांनो, तुमच्या आजोबांचं विमान तुम्ही फोटोत पाहिलं आहे. ते कसं उडलं हे क्रमाने लिहून ठेवते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या आणि गावोगाव टँकर चालू होते. आजोबा पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर. दिवसभर जीपमध्ये असत. त्याच काळात नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा जवळजवळ गेला होता, डावाही कडेकडेने मिटत चालला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. परतीच्या एसटीने कंधार मागे टाकलं. मग ते म्हणाले, "माळ्यावरचं खोकं काढू. दिसतंय तोवर एकदा उडवतो."

खोक्यात रेडिओवर चालणारं विमान होतं, धाकट्या दीरांनी परदेशातून पाठवलेलं. कॉलेजात असताना आजोबांनी अशी विमानं उडवली होती. सूचना बारीक इंग्रजीत होत्या. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून त्या मी वाचायच्या आणि त्यांनी बोटांनी चाचपत जोडायचं, असं ठरलं.

पंख, शेपटी सरळ जमलं. अडलं ते टाकीपाशी. टाकी म्हणजे प्लॅस्टिकची आडवी बाटली, तिला रबरी बूच, बुचातून आत गेलेल्या पितळी नळ्या. एक वर वळवून हवेसाठी. दुसरी इंजिनाला तेल देणारी. तिला आतून मऊ नळी आणि टोकाला जड पितळी तुकडा, म्हणजे तेल जिकडे जाईल तिकडे टोक जाईल. टोक मागच्या भिंतीच्या अगदी जवळ असावं, पण टेकू नये, असं मी वाचलं.

आजोबा थांबले. "तळाशी गाळ बसतो. पंपाचा पाइप कुणी गाळात सोडतं का?" त्या वर्षी प्रत्येक विहिरीवर ते हेच बजावत होते. टोक मागे गाळापर्यंत पोचू नये म्हणून त्यांनी मऊ नळी आखूड कापली. मलाही ते पटलं.

औशाच्या रस्त्याला एक तलाव पूर्ण आटला होता. त्याचं भेगाळलेलं सपाट पात्र हीच आमची धावपट्टी. तिथे शेळ्या घेऊन आलेली एक म्हातारी त्यांना ओळखत होती.

"सायेब, तळं भरायचं सोडून इमान उडवून राहिले का?"

"हाव, मावशी. ढग कुठवर आलेत ते बघाया धाडतो."

विमान धावलं, उचललं, नाक वर केलं आणि इंजिन बंद पडलं. कसंबसं तरंगत खाली आलं. पुढच्या रविवारी तेच. तेल कमीजास्त करणारा इंजिनाचा स्क्रू फिरवून ते थकले. त्या दिवशी उतरताना विमान कुठे टेकलं हे त्यांना मला विचारावं लागलं.

घरी आल्यावर त्यांनी टाकी बाहेर काढली, उजेडाकडे न धरता कानाशी धरली आणि विमानाचं नाक वर होतं तशी तिरकी केली. तेल मागे गेलं. पितळी तुकडा मागे आलाच नाही. आखूड नळीला तो मधेच लोंबत राहिला. इंजिन हवा पीत होतं.

"अगं, तळं उभं राहत नाही," ते हळू म्हणाले. "नाक वर झालं की हे राहतं."

त्यांनी नवी नळी घातली, पुरेशी लांब. बाटली पुन्हा पुन्हा कलती करून तुकड्याचा आवाज ऐकला. कचरा भरतानाच अडवायचा असं ठरवून मिथेनॉल आणि एरंडेलाचं मिश्रण, म्हणजे इंजिनाचं तेल, मी मलमलीतून गाळलं. बाटलीभोवती स्पंज गुंडाळला, नाहीतर हादऱ्याने तेलाला फेस येतो.

नंतरच्या रविवारी सकाळी तलावावर वारा नव्हता. नाक वर झालं. आवाज तुटला नाही. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा आजोबांनी मान उचलून पाहिलं. पांढरे पंख, लाल शेपूट, असं स्वतःशीच म्हणाले. मग ते वळून लांब गेलं.

"कुठंय?"

"रस्त्याच्या बाजूला. जरा डावीकडे घ्या."

मी सांगत राहिले, ते वळवत राहिले. वर जातंय की खाली, हे त्यांना आवाजावरून कळत होतं. परत जवळ आलं तेव्हा त्यांना ते पुन्हा दिसलं, आणि टाकीत तेल उरलेलं असतानाच त्यांनी ते उतरवायला घेतलं. टेकताना चाक वाकलं, नाकावरचा पंखा मोडला. मी म्हटलं, पंखा नवा मागवता येईल.

"नको," ते म्हणाले. "पाहिलं मी."

मग त्यांनी खाली बसून नळी सोडवली आणि उरलेलं तेल दुसऱ्या बाटलीत काढलं. तेल टाकीत राहिलं तर नळ्या खराब होतात. सगळं निघेपर्यंत ते टाकी हलवून कानाशी धरत होते.