अठ्ठेचाळीस वड्या

बायको गेली तेव्हा तिच्या शेवटच्या साबणाच्या अठ्ठेचाळीस वड्या वरच्या गेस्ट रूममध्ये कागदावर मांडलेल्या होत्या. टेक्सासमधल्या प्लेनोच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये साबणाला घाम सुटतो. म्हणून पाहुण्यांची खोली साबणाला आणि पाहुणे सोफ्यावर.

ती उटण्याचा साबण करायची. खोबरेल, एरंडेल, कॉस्टिक सोडा आणि शेवटी उटण्याची पूड. मग तो महिना-दीड महिना मुरायला ठेवायचा. दिवाळीआधी मराठी मंडळाच्या मेळाव्यात टेबल लावून विकायची. मी चौथी शिकलेला, जन्मभर वेल्डिंग केलं. माझ्याकडं काम साचे करायचं आणि तेलाचे डबे उचलायचं. बाकी ती मला जवळ फिरकू द्यायची नाही. "तुमचा हात धसमुसळा," म्हणायची.

हॉस्पिटलात शेवटचं नीट बोलली ते एवढंच, "साबण उलटवत जा. पहिल्या आंघोळीला लोकांना मिळायला पाहिजे, मी शब्द दिलाय."

मी हो म्हटलं. किती दिवसांनी उलटवायचा ते विचारलं नाही. दुसरंही काही विचारलं नाही.

तिचं दिवसकार्य झालं आणि मी साबण उलटवायला लागलो. सकाळी अठ्ठेचाळीस, संध्याकाळी अठ्ठेचाळीस. रडू येत नव्हतं. लोक फोनवर रडायचे, मी फोन कानापासून लांब धरायचो.

एकदा सून वर आली. "बाबा, हे काय? आई वीकली करायच्या. सॉफ्ट असतो तो अजून!"

बघितलं तर प्रत्येक वडीवर माझ्या अंगठ्याचा खड्डा. दोन्ही बाजूंनी.

"स्टॉल कॅन्सल करू या का?" ती हळूच म्हणाली. "तसंही वर्ष झालेलं नाही. सणाच्या आंघोळीला आपल्या घरचा साबण लोक घेतील का?"

"घेतील, नाहीतर नाही घेणार. मांडायचा."

मेळाव्यात पहिलीच बाई वडी हातात घेऊन म्हणाली, "काका, काकू कुठायत?"

"वारली. श्रावणात."

वडी खाली ठेवली तिनं. "सॉरी काका," म्हणाली आणि चकलीच्या टेबलाकडं गेली. पुढच्या दोघी-तिघी तशाच गेल्या.

"बाबा, असं एकदम नका ना सांगू," सून म्हणाली.

"मग कसं सांगू? हप्त्याहप्त्यानं?"

दुपार झाली तरी टेबल भरलेलंच. मग एक म्हातारी काठी टेकत आली, बायकोचं जुनं गिऱ्हाईक. वडी डोळ्यांजवळ नेली. "हे काय? कुणी ठेचलाय?"

"मी. उलटवताना."

"आणि तिनं हात लावू दिला तुम्हाला?"

"ती नव्हती."

"कळलंय मला." तिनं खड्ड्यावरनं अंगठा फिरवला. "दहा द्या."

"वर्षाच्या आतला आहे, आजी. आधीच सांगतो."

"साबणाला कसलं हो सुतक? तिच्या हातचा आहे ना? मग बांधा." आणि चकलीकडं वळून ओरडली, "अगं ए, इकडं या गं! पुढच्या वर्षी हा मिळायचा नाही."

ते मी ऐकलं. पिशव्या भरत राहिलो. एक आली, मग दुसरी. सकाळची ती पहिली बाईपण आली, माझ्याकडं न बघता दोन घेऊन गेली.

शेवटची वडी राहिली तेव्हा सून म्हणाली, "बाबा, ही आपल्याला ठेवू या?"

"ठेवून काय करू? आपल्याला कुठली दिवाळी? लोकांसाठी केलाय तिनं."

तीपण विकली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं वर गेलो. साबणासाठी लावलेला पंखा चालूच होता. कागदावर अठ्ठेचाळीस तेलकट चौकोन. वाकलो, तर उलटवायला काही नव्हतं. मग कागद उलटा घातला, पंखा बंद केला आणि खाली आलो.