यंत्रावरचा ओला टॉवेल

नवनाथ टेंभुर्णीचा. बीएस्सी होऊन सोलापुरात एका कॉलेजकडे कंत्राटावर लागला. काम हवा मोजण्याचं. शहराच्या पूर्व भागात सुंदरम्मा नावाच्या म्हातारीच्या गच्चीवर यंत्र बसवलं होतं. आठवड्यातून दोन दिवस ते हवा ओढायचं. आतल्या पांढऱ्या कागदावर बसलेल्या धुळीचं वजन करायचं, की आकडा निघे.

गल्लीच्या टोकाला सूत रंगवायचा कारखाना. त्याच्या बॉयलरमध्ये चिंध्या जळत. गल्लीनं तक्रार केली, म्हणून यंत्र आलं.

पहिल्याच आठवड्यात त्याला दिसलं, चालत्या यंत्राच्या तोंडावर सुंदरम्मानं ओला टॉवेल गुंडाळला होता. तिचा जन्म मागावर गेलेला. यंत्रात धूळ जाऊ द्यायची नाही, एवढं तिला ठाऊक.

"सरकारी वस्तू हाय की," ती म्हणाली. "कळकट कशाला ठिवायची?"

टॉवेलनं धूळ अडते, आकडा खोटा येतो, हे तेव्हाच सांगायचं होतं. पण टॉवेल नसला की कागद काळा होऊन तुंबायचा, तो बदलायला भर उन्हात पुन्हा यावं लागायचं. टॉवेलखालचा दिवसभर टिकायचा.

"असू दे, अम्मा," तो म्हणाला.

तीन महिने असू दिलं.

अहवाल आला : हवा ठीक आहे. तक्रार निकाली. नवनाथ यंत्र उतरवायला गेला, तर शेजारचा सिद्राम गच्चीवर हजर.

"काय साहेब, आमचा खोकला खोटा निघाला म्हणायचा!" तो हसला, आणि हसता हसता खोकत खाली बसला.

सुंदरम्मा हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "माझं काय चुकलं का रे बाबा? नीट झाकत नव्हते का मी?"

नवनाथनं हातातला पाना खाली ठेवला. त्यानं सगळं सांगितलं.

"मग बोलला का न्हाईस?"

"कंटाळा, अम्मा. उन्हात यायचा."

तिनं खालून कागद आणून त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "लिही. हितंच बसून लिही."

त्यानं अर्ज लिहिला : आकडे चुकीचे आहेत, मोजणी पुन्हा व्हावी. हा कागद पोचला की आपली नोकरी जाणार, हे त्याला कळत होतं.

"माझं नाव घातलंस?" सुंदरम्मानं विचारलं.

"नाही. माझंच."

"वाच की मोठ्यानं," सिद्राम म्हणाला. "खाली गल्लीतल्या बाया थांबल्यात. त्यास्नी ऐकू जाऊ दे."

नवनाथ कठड्यापाशी उभा राहून वाचू लागला. 'हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं' या ओळीवर त्याचा आवाज बसला.

"ऐकू न्हाई आलं," खालून कुणीतरी म्हणालं.

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली.