तिचे अठ्ठावीस दात

लहानपणी मला नसत्या चौकशा फार. त्यातली सगळ्यात मोठी चौकशी माझ्या चुलत बहिणीच्या तोंडाची. तिची आई गेली तेव्हा काकांनी तिला मुरुडहून आमच्याकडे रत्नागिरीला आणून सोडलं आणि ते नोकरीसाठी मुंबईला गेले. आम्ही दोघी एकाच वर्षीच्या, असं ते सांगत. पण तिचं जन्मटिपण वाळवीने खाल्लं होतं, त्यामुळे त्यांच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता.

मी काडी, ती गुटगुटीत. हे नुसतं दिसत नव्हतं, चांगलं तोललेलं होतं. मी सारखी आजारी पडे म्हणून आईने ग्रामदेवतेला नवस केला होता, दर वर्षी माझ्या भाराइतका गूळ वाहीन. सुपारी तोलायची मोठी तागडी पडवीत टांगलेली असे. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ. एक ढेप आणि वर चार खडे ठेवले की माझं पारडं उचलायचं आणि आई सुस्कारा टाकायची. मग बहीण हट्टाने चढून बसे. तिला दुसरी ढेपही अर्धीअधिक लागे, आणि ती अशा दिमाखात खाली उतरे की माझा जळफळाट होई.

दातांतही तीच पुढे. पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायची आमच्याकडे रीत. तिचे गोळे एकामागून एक वर जात होते आणि माझा एक दात हलेल तर शपथ. असं का, हे शोधून काढायचं मी ठरवलं. ती ऊस जास्त खाते म्हणून असेल, असं वाटून दोन दिवस ऊस चावला. हिरड्या सोलल्या, दात जागच्या जागी. ती भिंतीकडे निजते म्हणून असेल, असं वाटून जागा बदलून घेतली. काही नाही. शेवटी तागडी आठवली. जिचं पारडं जड, तिचे दात आधी! हे ताडून पाहायला मी पडवीच्या भिंतीवर कोळशाने दोघींचे नवे दात मांडू लागले. ती तोंड उघडून बसे, मी बोट घालून मोजे. तिने मला कधी चावलं नाही, हे सांगायला हवं. मोजून झालं की ती आकडा विचारी आणि ऐकून दिवसभर खूश असे.

अकराव्या वर्षी तिचे अठ्ठावीस नवे दात आले होते. माझे सोळाच, बाकीचे अजून दुधाचे.

त्याच सुमाराला खेडहून तिला स्थळ आलं. मुलगी चौदा वर्षांची हवी असा कायदा नुकताच झाला होता आणि मुलाकडचे लोक कोर्टकचेरीला भिणारे. बघायला मुलाची आत्या आली. वडिलांनी सरळ सांगितलं की टिपण वाळवीने खाल्लं, पण ही माझ्या मुलीच्या वयाची, अकराची, तीन वर्षं थांबावं लागेल. आत्याबाईंनी आम्हा दोघींना शेजारी उभं केलं आणि त्या हसल्याच. ह्या दोघी एका वयाच्या? त्यांच्या घरी गुरं होती, आणि गुराचं वय दातांवरून सांगतात. त्यांनी विचारलं, हिला दात किती?

कोणी काही म्हणायच्या आत मी बोलले. अठ्ठावीस, माझे सोळा, मी मांडून ठेवलेत. एवढ्यावर न थांबता त्यांना हाताला धरून पडवीत नेलं. माझ्या शोधाला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्यांनी भिंत पाहिली, मग तिला तोंड उघडायला लावून स्वतः मोजले.

"चवदा पुरी झालीत हो," त्या वडिलांना म्हणाल्या. "टिपण वाळवी खाईल. दात काय खोटं सांगणार?"

वडिलांनी काकांना पत्र लिहून तिचं नक्की वय विचारलं. त्यांचं उत्तर आलं की त्या वर्षांतलं आता नीट आठवत नाही, एखादे वेळी असेलही. आंबे उतरायच्या आधी लग्न लागलं. ती खेडला गेली आणि मी, अंगावर मांस नसलेली, आणखी पाच वर्षं कोणाच्या नजरेत भरले नाही. तेवढ्यात शिकून मास्तरीण झाले.

एकदा शाळेत मुलं तपासायला आलेले डॉक्टर सहज म्हणाले की अंगाने भरलेल्या मुलांचे पक्के दात लवकर येतात, किडकिडीत मुलांचे उशिरा, त्यावरून वय ठरवू नये. माझा शोध खरा होता तर! क्षणभर आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग आत्याबाईंना दाखवलेली ती भिंत आठवली.

सुट्टी लागताच खेडला गेले. ती तांदूळ निवडत होती. तिला दोन मुलं होती, दोन गेली होती. मी सगळं सांगून टाकलं.

"मला ठाऊक होतं गो," ती म्हणाली. "आपण एकाच श्रावणातल्या. आई सांगायची मला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

तिने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"सगळी माझे दात बघत होती, मान डोलवत होती," ती म्हणाली. "मला वाटलं, मी पास झाले."