पाण्यात न गेलेलं घड्याळ

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं जीभच रेटत नाही.

मला जुन्या घड्याळांचा नाद आहे. तोही पाणबुड्यांच्या घड्याळांचा — खोल समुद्रात उतरणाऱ्यांसाठी बनवलेली, जाड काचेची, अंधारात काटे हिरवट चमकणारी. बारामतीत बँकेत नोकरी, पोहता येत नाही, आणि नाद हा! हसा खुशाल. सात आहेत माझ्याकडे. एकावरही ओरखडा नाही. त्यातलं एक तर बनल्यापासून कधी पाण्यातच गेलेलं नाही — घड्याळवेडे मित्र आले की हे मी छाती फुगवून सांगतो.

आणि माझे वडील, आबा — ते विहिरीत बुड्या मारायचे. पिंपळीपासून भवानीनगरपर्यंत कुणाची मोटर तळाला गेली की आबांना बोलावणं यायचं. कमरेला दोर, छातीत हवा, बस्स. कधी मोटर निघायची, कधी माणूस. त्यांनी माझ्याकडं आयुष्यात काही मागितलं नाही. म्हणजे — एकदा मागितलं.

छातीचा त्रास सुरू झाल्यावर डॉक्टरांनी बुडी बंद सांगितली होती. पण पणदऱ्याच्या एका मित्राची मोटर अडकली आणि आबा म्हणाले, ही शेवटची. निघण्याआधी ते माझ्या खोलीत आले. घड्याळांची पेटी उघडीच होती. त्यांनी नेमकं ते कधी पाण्यात न गेलेलंच उचललं.

"ही पाण्यातली हायेत न्हवं? आज लावू का? खाली कसं दिसतं बगतो."

"आबा, त्ये बंद हाय," मी म्हणालो.

किती सहज आलं तोंडात! जुन्या घड्याळात पाणी शिरतं, असंही सांगता आलं असतं. पण तेही खोटंच — नवं रबर बसवून, दाबाखाली तपासून मी ते नुकतंच पुण्याहून आणलं होतं. मला ते फक्त कोरडं हवं होतं. बाकी काही कारण नव्हतं.

आबांनी ते कानाशी नेलं. असली घड्याळं हाताच्या हालचालीवर चालतात. पडून राहिली की थांबतात, उचलली की सुरू. त्यांच्या हातात ते चालू झालं होतं. सेकंदकाटा फिरताना मला दिसत होता. पाण्याच्या दाबानं आबांचा एक कान गेलेला — कित्येक दिवस मी स्वतःला समजावलं, त्यांनी तोच लावला असेल. नाही. चांगला कान लावला होता. मी बघितलंय.

"व्हय," ते म्हणाले, "बंदच हाय." सदऱ्याच्या टोकानं काच पुसली, घड्याळ जिथलं तिथं ठेवलं आणि दोर खांद्यावर टाकून बाहेर पडले. त्यांनी माझी लाज राखली. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं — हो, तेच वाटलं.

पणदऱ्याला मीच त्यांना गाडीवरून नेलं. दोघंजण दोर धरून उभे राहिले, मी बाजूला. आबा खाली गेले आणि बऱ्याच वेळानं वर आले. ओठ काळेनिळे. दगडाला धरून धापा टाकत त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"किती टाइम झाला रं?"

माझ्या मनगटावर रोजचं घड्याळ होतं. मी त्यात पाहिलंच नव्हतं. माझे वडील पाण्याखाली असताना मी — कसं सांगू? — सदऱ्याच्या जाड कापडानं त्या काचेवर चरे उठले असतील का, याचा विचार करत होतो.

"दोन मिनिटं," मी ठोकून दिलं.

आबांचा चेहरा उजळला. गेल्या वर्षी जाईपर्यंत येईल त्याला ते सांगायचे, "शेवटच्या बुडीला पुरी दोन मिनटं. माझ्या पोरानं घड्याळ लावून मोजली."

आबांना आदरांजली वाहायला लोक जमले, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पणदऱ्याच्या त्या मित्रानं सगळ्यांपुढं हेच सांगितलं. लोकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.